सक्तमजुरीतली मजुरी

थळच्या बुधाजी तांडेलाने बंदरावरच्या शिपायाला सुरमईने बडवलं. सुरमई पुरावा म्हणून कोर्टात ठेवली होती, त्यामुळे निकाल फार लवकर लागला. आठ महिने सक्तमजुरी.

तुरुंगात मी कारकून. छप्पन सालच्या आषाढात एके सकाळी बुधाजी जाळं विणायचं सोडून माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, माजी मजुरी?"

"कसली मजुरी?"

"जज्जसाहेब बोललं न्हाय का, सक्तमजुरी? म्हंजे मजुरी द्यायलाच पायजे. सक्तीनं."

मी मॅट्रिक पास, पण हा अर्थ मला कधी सुचला नव्हता. त्याला जेलरसाहेबांकडे नेलं. साहेबांनी किमान वेतनाचा कायदा उघडला, चष्मा पुसला, कायदा मिटला.

"मजुरी नोकराला मिळते. तू नोकर आहेस का?"

"मंग जाळी इणतंय कोन?"

"नोकराला काम सोडता येतं. तुला येतं का?"

दुपारी बुधाजीने राजीनामा दिला. माझ्याकडूनच लिहून घेतला. कारण: घरगुती अडचण.

अडचण खरी होती. नारळी पुनवेला होडी पुन्हा दर्यात जायची आणि त्याची सुटका पुनवेनंतर दहा दिवसांनी. बायको आवडाबाईने भेटीत बजावलं होतं, "तुमी न्हाय आलाव तं सुकाणू माज्या भावाकडं." त्या भावाने, रघूने, गेल्या साली एक होडी आपटली होती. किनाऱ्याला बांधलेल्या दुसऱ्या होडीवर.

साहेबांनी राजीनामा दोनदा वाचला.

"हा मला मंजूर करता येत नाही. तुझी नेमणूक कोर्टाने केली आहे." मग त्यांनी दुसरी वही काढली. "चांगल्या कामाबद्दल तुला शिक्षेत बारा दिवसांची सूट निघते. पण सूट कैद्याला. नोकराला मजुरी. बोल, तू कोण?"

बुधाजीने बोटांवर दिवस मोजले. परत मोजले.

"कैदी, सायेब. पक्का कैदी. मना नोकर कोन बोललं?"

राजीनामा त्याने माझ्याच हाताने फाडून घेतला.

पुनवेला त्याच्या आग्रहावरून मी थळला गेलो. सुकाणूवर बुधाजी बसला होता. रघू घामाघूम होऊन दोर ओढत होता.

"दाजी, माज्या मजुरीचा काय?"

"तू नोकर हाय का?"

"मंग दोर वढतंय कोन?"

बुधाजीने एकदा माझ्याकडे बघितलं, मग दर्याकडे.

"मेव्हना," तो म्हणाला. "आनि मेव्हन्याला सूट पन न्हाय. वढ."