आधी कहवा, मग बातमी

मी पोडियम बोलतोय. अरबी मुलखातल्या निझवा शहरच्या कॉलेजातला, वक्तृत्वाच्या वर्गातला. पंधरा वर्षं माझ्यामागे उभं राहून दुसरेच बोलत आले. कुणी वाचून, कुणी घोकून, कुणी नुसतंच देवाचं नाव घेऊन. आज दोन घटका मी बोलतो. बसा. खजूर घ्या. माझ्याकडे नाहीत, पण म्हणायची पद्धत आहे.

जन्माने मी काही विद्वान नाही. मी एका दुकानाचं दार होतो. लाकूड सागवानी, मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजात बसून आलेलं. बाजारात नबहानशेठच्या दुकानाला मला लावलं. शेठ कॉफीचे दाणे, वेलदोडे आणि लोबान विकायचे. माझं शिक्षण काय झालं ते तिथल्या चौकटीत उभ्याउभ्याच. गिऱ्हाईक पायरीवर किती रेंगाळतं, त्यावरून ते घेणार की नुसतं हात लावून जाणार, हे मला कळायचं. ज्याला लोबान हवा असे तो आधी वेलदोड्याचा भाव विचारी, मग कॉफी हुंगे, मग कुणाच्या तरी लग्नाची चौकशी करी, आणि अगदी निघताना, चपलेत पाय सरकवता सरकवता, "बरं, तो लोबान कसा दिलात?" म्हणे. शेठ हसायचे. म्हणायचे, "पहिलं बोलणं म्हणजे हातपाय धुणं. जेवण नंतर."

आमच्याकडे रीतच ती. माणूस भेटलं की सलाम, मग तब्येत, मुलंबाळं, म्हातारी माणसं, बकऱ्या, पाऊस. मग कहवा, म्हणजे आमची वेलदोड्याची कॉफी. मग यजमान विचारणार, "काही बातमी?" आणि पाहुणा सांगणार, "काही नाही. सगळं क्षेम आहे." घरात काहीही होऊन गेलेलं असो, पहिलं उत्तर हेच. खरी बातमी त्यानंतर. एकदा शेजारचा खजूरवाला आला. बसला, तीन पेले कहवा प्यायला, सगळं क्षेम म्हणाला. चौथ्या वेळी पेला हलवून 'आता पुरे' अशी खूण केली. आणि मग सांगितलं, की त्याचं गाढव मघापासून आमच्या गोदामात शिरलंय आणि वेलदोडे खातंय. शेठ धावले तेव्हा गाढव पोत्याच्या तळाला पोचलं होतं. पण शेठ त्या माणसावर रागावले नाहीत. रागावले गाढवावर.

पुढे बाजार नव्याने बांधला. सगळ्या दुकानांना एकसारखी दारं लागली. म्हातारपणी शेठना मला टाकवेना, म्हणून त्यांनी मला खमीस सुताराच्या स्वाधीन केलं. त्याने मला मधोमध कापलं. दुखलं म्हणू? दुखलं. पण अर्धा झालो आणि माझी उंची बरोबर माणसाच्या छातीइतकी भरली. खमीसने वर एक उतरती फळी ठोकली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला कॉलेजात पोचतं केलं.

या कॉलेजात नर्स, औषधवाले आणि रुग्णवाहिकेवर जाणारी मुलं शिकतात. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनाच वक्तृत्वाचा वर्ग सक्तीचा. मला आधी वाटलं, सोपं काम आहे. दारात उभं राहून ऐकायचं, इथेही ऐकायचं. पण माणूस दारातून बोलतो तेव्हा त्याला बाहेर पळायला वाट असते. इथे नसते. मग तो मला धरतो. काय काय प्रकारे धरतात म्हणून सांगू! कुणी नखं रुतवतं. कुणी गाडीची किल्ली टकटक वाजवतं. एका मुलीने सगळं भाषण तळहातावर लिहून आणलं होतं, घामाने ते माझ्यावर उमटलं आणि पुढच्या मुलाने ते वाचून दाखवलं. त्याला तिच्याहून दोन गुण जास्त मिळाले.

शिकवायला उस्ताज़ा नजीबा होत्या. ट्यूनिसच्या. तिकडचे लोक कॉफी उभ्याउभ्या पितात, त्यातल्याच. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. टेबलावर एक पितळी घंटी. प्रत्येकाला तीन मिनिटं; मिनिटं संपली की टण्ण. पुढचा.

आणि खलफान. डोंगरातल्या गावचा मुलगा, आडव्या खांद्यांचा, हळू बोलणारा. त्याला रुग्णवाहिकेवर जायचं होतं. बाकीच्या सगळ्या विषयांत हुशार. रक्तदाब बघावा त्याने, सुई टोचावी त्याने. पण माझ्यामागे आला की गाडी रुतायची. विषय सगळ्यांना एकच होता, 'ज्या गोष्टीने मला बदललं'. खलफान सुरू करायचा:

"अस्सलाम अलैकुम. उस्ताज़ा, कशा आहात? ट्यूनिसला आई बरी? भावांनो, तुम्ही कसे? घरची म्हातारी माणसं बरी? बहिणींनो, तुमच्याकडे सगळे खुशाल? तुमच्या बाजूला पाऊस झाला? अल्लाची कृपा. आमच्याकडेही सगळं क्षेम आहे, काही बातमी नाही..."

टण्ण.

"उस्ताज़ा," मागच्या बाकावरून मुहन्ना ओरडला. वर्गाचा विदूषक तोच. "याला तीन मिनिटं पुरायची नाहीत. तीन दिवस द्या, आम्ही बकरा कापतो!"

उस्ताज़ासुद्धा हसल्या. म्हणाल्या, "अरे खलफान, उद्या तू गाडीवर जाणार. डॉक्टर फोनवर विचारणार, काय झालंय? आणि तू काय सांगणार? सगळं क्षेम आहे?"

वर्ग खदखदला. खलफान हसला नाही. त्याचे हात माझ्या कडांवर होते, आणि त्यांनी मला असं आवळलं, की मी चमकलो. दार होतो तेव्हा अशी पकड मी एकदाच अनुभवली होती. शेठचा भाऊ समुद्रात बुडाल्याची बातमी आली, त्या दिवशी शेठनी मला धरलं होतं, तेव्हा.

परीक्षेत तो नापास झाला. फेरपरीक्षेतही तसंच, पावसापाण्यापर्यंत पोचला आणि घंटी वाजली. नियम असा होता की तिसरी खेप शेवटची. तीही गेली तर नाव कमी. रुग्णवाहिका विसरायची, गावी परतायचं.

फेरपरीक्षेच्या दिवशी वर्ग रिकामा झाला तरी तो माझ्याजवळच उभा राहिला. उस्ताज़ा फळा पुसत होत्या.

"तू मूर्ख नाहीस," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मग हे काय चालवलंयस?"

"एकदम बातमी सांगितली की ऐकणारा कोसळतो, उस्ताज़ा. आधी त्याला बसवावं लागतं."

"मग बसव की! पण माझी तीन मिनिटं का खातोस?"

"कहव्याशिवाय माझं तोंडच उघडत नाही."

"का नाही उघडत?"

त्याचा अंगठा माझ्या लाकडातली एक जुनी खाच चाचपत होता. मग म्हणाला, "बातमी वाईट आहे म्हणून."

उस्ताज़ांनी डस्टर खाली ठेवलं. काय बातमी, हे त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यावरून मला ही बाई पटली. दुकानात बसली असती तर उत्तम चालवलं असतं तिने दुकान.

तिसऱ्या परीक्षेला बाहेरून डॉक्टर हिलाल आले होते. पांढरी दाढी, जड शरीर, खुर्चीत बसले की खुर्ची आधी बोलायची. चार मुलं बोलून गेली. खलफानचं नाव आलं. तो उठला, आणि उस्ताज़ा म्हणाल्या, "थांब. इथे बस."

त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि दोन छोटे पेले. एक भरून डाव्या हाताने पुढे केला.

"उजव्या हाताने, उस्ताज़ा, उजव्या!" मुहन्नाला राहवेना. "पाहुणा रुसून जाईल!"

"गप्प बस रे." त्यांनी हात बदलला. मग एक कागद उघडला आणि बघून बघून विचारायला लागल्या, "कसा आहेस? घरचे बरे? म्हातारी माणसं? बकऱ्या?... हे काय लिहिलंय... हां, पाऊस?"

डॉक्टर हिलाल पुढे वाकले. "बाई, हे परीक्षेत धरायचं का?"

"नाही, डॉक्टर. घंटी अजून माझ्याच हातात आहे."

मी बाजारात जन्म काढलाय. भाव कुठे फिरतो ते मला कळतं. तो तिथे फिरला. डॉक्टर मागे टेकले आणि दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मग नीट विचारा. मामाकडचे राहिले."

उस्ताज़ांनी मामाकडचेही विचारले. कहवा ट्यूनिसचा होता, डांबरासारखा काळा, वेलदोड्याचा वासही नाही. खलफानने तोंड वाकडं न करता तीन पेले घेतले. त्यालाही छाती लागते.

"काही बातमी?" उस्ताज़ांनी विचारलं.

"काही नाही, उस्ताज़ा. सगळं क्षेम आहे."

त्याने पेला हलवून परत दिला, उठला आणि माझ्यामागे येऊन उभा राहिला. उस्ताज़ांचा हात घंटीवर गेला, तीन मिनिटं सुरू झाली.

"आता बातमी सांगतो," खलफान म्हणाला. "माझे वडील कड्यावरचा मध काढतात. तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, त्यांना पायाला फुरसं चावलं. मी बरोबर होतो. फोन माझ्याच हातात होता. दवाखान्यात फोनवर सालिमकाका होते, आमच्या ओळखीचे. त्यांनी विचारलं, कसे आहात? मी म्हणालो, सगळं क्षेम. त्यांनी विचारलं, वडील बरे? मी म्हणालो, अल्लाची कृपा. मग मी त्यांच्या मुलांची चौकशी केली, एकेकाचं नाव घेऊन. वडील मागे दगडावर पाय धरून बसले होते. त्यांनी मला खूण केली की काकांच्या सुनेचंही विचार, ती आजारी होती. मी तिचंही विचारलं."

मुहन्नाने बाकावरचे पाय खाली घेतले.

"मग, चार मिनिटांनी, मी सांगितलं. गाडी आली, वडील वाचले. उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तिथले डॉक्टर म्हणाले, त्या चार मिनिटांनी काही फरक पडला असता की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ती चार मिनिटं मी रोज मोजतो. रीत मोडा असं मी म्हणत नाही. रीत चांगली आहे, माणसाला धीर देते. पण फोनवर आधी बातमी सांगा. कहवा आपण नंतर पिऊ. मी घेऊन येईन."

टण्ण.

वडील दगडावर बसल्याचं त्याने सांगितलं, तिथेच त्याचे हात माझ्यावरून सुटले होते. त्याला कळलंही नसेल. मला कळलं. गिऱ्हाईक हातचं गेलं आणि मला वाईट वाटलं नाही, असं आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच झालं.

डॉक्टर हिलाल म्हणाले, "वडील कसे आहेत?"

अख्ख्या वर्गाला उत्तर पाठ होतं. खलफानच्या ओठांवर ते आलंही. त्याने ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"चिडके झालेत, डॉक्टर. नकली पाय टोचतो म्हणतात. मधाला मला वर चढवतात आणि खालून ओरडत बसतात, डावीकडे, गाढवा, डावीकडे!"

डॉक्टर इतके हसले की खुर्ची करकरली. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर गुण लिहिले. उस्ताज़ा नाक शिंकरत म्हणाल्या, "पुढचा." पुढचा मुहन्ना होता. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही आणि तो काठावर पास झाला. खलफान चांगल्या गुणांनी झाला.

उस्ताज़ा दोन वर्षांनी ट्यूनिसला परत गेल्या. वर्गात आता काचेचा पोडियम आलाय, आत दिवा पेटणारा. त्याच्यामागे मुलांचे कापणारे गुडघे आरपार दिसतात. मला ही सुधारणा वाटत नाही, पण मला कुणी विचारलं नाही. मला खाली आणून प्रथमोपचाराच्या खोलीबाहेर उभं केलंय. माझ्यावर हजेरीची वही असते आणि शिपायाचा थर्मास. वाळवी एका कोपऱ्याला लागली आहे. तक्रार नाही, वय झालं.

गेल्या हिवाळ्यात खलफान आला होता, गणवेशात, पहिल्या वर्षाच्या मुलांना छाती कशी दाबायची ते दाखवायला. जाता जाता माझ्यावर कोपर टेकून थर्मासमधला कहवा ओतून घेत होता, तोच फोन वाजला.

"बोला. कुठे? किती वय? श्वास चालू आहे? शुद्धीवर आहेत? खिडकी उघडा, पाणी पाजू नका. गाडी निघाली, नऊ मिनिटं."

एका दमात. मी दार होतो तेव्हापासूनची सगळी वर्षं धरली तरी इतकं थोडक्यात कुणाला बोलताना मी ऐकलं नव्हतं. भरलेला पेला त्याने माझ्यावर तसाच ठेवला आणि तो धावत सुटला. फोन कानालाच होता. आणि फाटकाकडे पळता पळता त्याचा आवाज एकदम मऊ झाला:

"आता सांगा, काका, तुम्ही कसे आहात? उभेच आहात का? आधी बसा. घरी आणखी कोण आहे तुमच्यासोबत?"

मग गाडीचा भोंगा वाजला आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

असो. खूप बोललो. तुमचीही कामं असतील, निघा आता. एवढंच करा: घरी कुणी 'सगळं क्षेम आहे' म्हणालं, तर लगेच उठू नका. त्याचा पेला पुन्हा भरा. बातमी बहुतेक तिसऱ्या पेल्याला येते.