जाते म्हण

धाकट्या बहिणीला कायमची घरी न्यायला आले होते मी, भीक मागायला नव्हे. तरी बाईंनी मला दारातच उभं केलं.

"अहो, ती आमच्या घरातलीच आहे," बाई म्हणाल्या. "कुणी बांधून ठेवलंय का तिला? दार उघडंच आहे. विचारा तिलाच."

घरातली म्हणे! वडील वारले तेव्हा काकांनी हिला इथे आणून सोडली. शाळेत घालणार होते. शाळा कसली नि काय! तेव्हापासून यांची भांडी घासतेय. यांनी हिचं नाव ठेवलं छोटी. आता केस पिकले, दाढा पडल्या, तरी ही आपली छोटीच. आई गेली तेव्हा मी निरोपावर निरोप धाडले. पण यांच्याकडे साखरपुडा होता ना, घरातलीला कसं सोडणार?

"हिचं खरं नाव काय, सांगा बघू," मी म्हटलं.

बाईंनी आत वळून पाहिलं. आतून साहेबांचा आवाज आला, "असेल काहीतरी. इथे कुणाला लागतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपलांसकट आत घुसले. स्वयंपाकघरामागे कोठीची खोली, तिथे तांदळाच्या पोत्यांशेजारी हिची वळकटी. आणि दाराला कडी कुठे? बाहेरून!

"ही कशाला हो?"

"रात्री घाबरते ती," बाई म्हणाल्या. वर तोंड करून म्हणाल्या!

बहीण ओट्याशी कांदा चिरत होती. "चल," मी म्हटलं. तिने हात पुसले आणि आधी बाईंकडे पाहिलं.

"आज आपल्याकडे पाहुणे आहेत गं, ताई."

"आपल्याकडे? अगं, आपल्याकडे आता तू आणि मी, बस्स! आई होती, ती तुझी वाट बघत गेली."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने कपड्यांची पिशवी भरली. दाराशी येऊन थांबली, हात जोडले.

"येते हं, बाई."

"ये, ये. चार दिवस राहा आणि ये," बाई गोड आवाजात म्हणाल्या. आणि ही वेडी मान डोलावतेय!

"येते नाही, जाते म्हण!" मी ओरडले.

"निघताना जाते म्हणू नये, ताई. आईच सांगायची."

"आई आपल्या माणसांसाठी सांगायची!"

ती उंबऱ्यात घुटमळली. मग पिशवी खाली ठेवून परत आत गेली. संपलं, मला वाटलं, गेली ही हातची. रडावं की हिच्या दोन थोबाडीत द्याव्यात, कळेना.

आतून कडीचा खाडकन आवाज आला. ती बाहेर आली, पिशवी उचलली आणि पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत बघून बोलली.

"कोठीची कडी लावलीय, बाई. आत कुणी नाही. मी जाते."