तळ्याला वळसा

बावन्नाव्या वर्षी गोल्फ शिकायला निघालेल्या बाईला लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण पाठीमागे हसायचं सोडतही नाहीत. हसोत बापडे. मला एकच गोष्ट करायची होती. बाबांच्या एक नंबरच्या स्टिकने चौथ्या खड्ड्याच्या वाटेवरचं तळं एकदा पार करायचं होतं. बाबा गेले, त्यांची बॅग माझ्याकडे आली, तेव्हापासून हे डोक्यात बसलं होतं. माझ्या डोक्यात बसलेली गोष्ट सहसा उठत नाही.

बाबा कारखान्यात टर्नर होते, आयुष्यभर लेथवर उभे राहिले. गोल्फचं मैदानही कारखान्याचंच होतं, रविवारी कामगारांना खुलं. एका साहेबाने बदली होताना त्यांना आपला जुना सेट देऊन टाकला होता. तसा दुसरा घेणं आपल्याला कधी जमणार नाही, हे बाबा स्वतःच सांगायचे. मी लहान असताना त्यांचा बॉल तळ्यावरून सरळ पलीकडे जायचा आणि मी काठावरच्या बाकावरून टाळ्या वाजवायची. तो बॉल मला अजून दिसतो.

मला शिकवायचे फिटरकाका, बाबांचे तीस वर्षांचे जोडीदार. वय अठ्ठ्याहत्तर, पण जीभ पंचविशीतली. सात नंबरच्या स्टिकने माझा बॉल शंभर पावलं जायचा. पाच नंबरच्या स्टिकने शंभर. लाकडी डोक्याच्या एक नंबरनेही, जिने सगळ्यात लांब जायला हवा, तेवढाच. तळं त्याहून बरंच रुंद होतं. काकांनी सगळे उपाय केले. बॉल उचलायला जाऊ नकोस, तो आपला उठतो. खांदा पुरता वळव. दात-ओठ खाऊन मारू नकोस. दोन महिन्यांत मी तळ्याला चाळीस बॉल वाहिले. स्टिकमध्येच काही खोट असेल, असं मी एकदा म्हटलं, तर काका म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

याच मैदानावर माझा एकदा आधीही पाणउतारा झाला होता. मी बारा वर्षांची होते. एका संध्याकाळी बाबांनी मला सरळ उभं केलं आणि मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. मला वाटलं, नवा फ्रॉक. फ्रॉकचं माप मनगटापासून कोण घेतं, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. रविवारी त्यांनी मला मैदानावर नेऊन हातात स्टिक दिली. मी तीनदा मारलं, तिन्ही वेळा नुसतं गवत उडालं. त्यांचे दोस्त हसले, काका सगळ्यांत मोठ्याने. मी स्टिक फेकली, फ्रॉक नाही तर नाही म्हणून भोकाड पसरलं आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही. बाबा रागावले नाहीत. त्यांनी स्टिक उचलून रुमालाने पुसली.

नंतर कधीतरी बाबांचा बॉल तळं ओलांडेनासा झाला, हे माझ्या कानावर आलं. ते डावीकडून छोटे छोटे फटके मारत वळसा घालू लागले. टर्नर म्हातारा झाला, असं काका सगळ्यांदेखत चिडवायचे. बाबा तेव्हा चाळिशीत होते. ते नुसते हसायचे.

काल माझे लागोपाठ तीन बॉल पाण्यात गेले. काका वैतागले, म्हणाले, आण इकडे, दाखवतो. या वयातही ते स्वतःच्या स्टिकने तळं सहज पार करतात. बाबांच्या एक नंबरने त्यांनी मारलेला बॉल मात्र डुबुक झाला. त्यांनी स्टिककडे पाहिलं, स्वतःची तिच्याशेजारी उभी धरली. बाबांची जवळपास वीतभर आखूड भरली. मग त्यांनी बॅग रिकामी केली आणि स्टिका बाकाला टेकवून ओळीने लावल्या. नंबर जितका लहान तितकी स्टिक लांब आणि बॉल दूर, असं असायला हवं; इथे एक नंबरपासून सात नंबरपर्यंत एका सुताचाही फरक नव्हता.

मी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला. तिथे तारेने बांधलेले नळीचे सहा तुकडे होते. बाबांच्या खिशात नेहमी असलं काहीतरी असायचं, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. सगळ्यांत छोटा नखाएवढा, मोठा वीतभराला थोडा कमी. कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. सात नंबरची सोडून प्रत्येक स्टिकच्या पोकळ दांड्याचा एक तुकडा.

काकांनी एक स्टिक माझ्या हातात दिली, मला सरळ उभं राहायला सांगितलं. बाराव्या वर्षानंतर मी फारशी वाढले नाही. स्टिक मला अगदी मापात होती.

"तुझ्यासाठी कापल्या गं त्याने," काका म्हणाले. "आणि मी त्याला जन्मभर म्हातारा म्हणत राहिलो."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. एका शब्दाने बोलले नाहीत बाबा. मी नाकारलेल्या आखूड स्टिका घेऊन ते वाकून खेळत राहिले, लोकांचं ऐकून घेत राहिले, पण माझं नाव पुढे केलं नाही.

काकांनी डोळे पुसून स्वतःची लांब स्टिक पुढे केली. हिने मार, म्हणाले, जाईल पलीकडे. मी नको म्हटलं. बाबांची सात नंबर घेतली आणि बॉल डावीकडे मारला, वळशाच्या वाटेवर.

माझ्यामागून काका पुढे आले. त्यांनी तळ्याकडे पाहिलं, आपली लांब स्टिक बॅगेत ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे मारलं.