हिरवट पडलेलं काळीज

साईनाथचा मेंदू बाहेर काढला तेव्हा जरा फिकटच वाटला होता. वजन नोंदवून डॉ. नीरजा मागे वळल्या, तर तो डोळ्यांदेखत हिरवट-निळा होत चाललेला. हृदयाचंही तेच. बारा वर्षं शवविच्छेदन करणाऱ्या नीरजाबाईंनी असा रंग पहिल्यांदाच पाहिला.

हातमोजे काढून त्यांनी दवाखान्याचे कागद चाळले. खडकवासल्याकडचा सव्वीस वर्षांचा पोरगा, तापाने दाखल झालेला. जंतुसंसर्ग रक्तात भिनला, रक्तदाब कशानेच वर येईना, म्हणून शेवटी मिथिलीन ब्लू टोचलं होतं. हवा लागली की अवयवांना असा रंग चढतो तो त्या औषधाचा. त्यांचा जीव भांड्यात पडला. सुनेने विष घातलं, अशी साईनाथच्या आईची तक्रार होती. शवविच्छेदन त्यासाठीच होतं.

पण त्या बाहेर येईपर्यंत मदतनीस राकेश त्या रंगाबद्दल बाहेर बोलून बसला होता.

"काळीज हिरवं पडलंय माझ्या लेकराचं!" मथुराबाई ऊर बडवत होत्या. सून ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती, एकटी.

"मावशी, तो औषधाचा रंग आहे," नीरजाबाई म्हणाल्या.

"मंग लिवून द्या की, इष न्हाई म्हणून!"

नीरजाबाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. तक्रार असल्याने व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, विषासाठी तपासायला पाठवणं भाग होतं. त्याचा निकाल येईपर्यंत कागदावर एवढंच लिहिता येत होतं: 'मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले आहे.' खाली त्यांनी औषधाच्या रंगाची नोंद केली. ऋतुजाच्या थोरल्या दिराने वरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि कागदाची घडी घातली.

"बघा, डाक्टरीणबाईलाबी शंका हाय."

ऋतुजाला शववाहिकेत चढू दिलं नाही. "मॅडम, तुम्ही सांगा ना त्यांना," ती म्हणाली. नीरजाबाई धावल्या, पण गाडी सुटली.

पाच महिन्यांनी अहवाल आला. विष आढळलं नव्हतं. नीरजाबाईंनी खडकीला, ऋतुजाच्या माहेरी स्वतः फोन केला.

"कागद दाखवला तर घरात घेतील?" ऋतुजाने विचारलं.

"काय सांगू गं?"

"निदान ह्यांचा एखादा शर्ट तरी मागते."

रविवारी ती सासरी जाऊन आली. संध्याकाळी तिचा मेसेज आला: कपडे तेव्हाच जाळले, असं सासूबाई म्हणाल्या. कागद वाचला नाही कुणी.