एकतीस-चार पहिल्यांदा कुणी ऐकली

व्हर्नन क्रायडर जळत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यानं स्वतः ते कधी कबूल केलं नसतं. विचारलं तर म्हणायचा, "हेवा कसला? मला त्या जर्सीवाल्याची पद्धत आवडत नाही, एवढंच." पद्धत कसली डोंबलाची! पोटदुखी होती ती, दुसरं काही नाही.

आमच्या काउंटीत प्रत्येक स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी, स्कॅनर नावाचा छोटा रेडिओ असतोच. ॲम्ब्युलन्सवाल्यांचं वायरलेसवरचं बोलणं त्यावर दिवसभर चालू असतं. कोण जिन्यावरून पडलं, कुणाच्या छातीत दुखलं, हे बटाटे सोलता सोलता कळतं आणि संध्याकाळपर्यंत त्या घरी कुणीतरी गरम जेवण घेऊन पोचतं. पण ते बोलणं सगळं आकड्यांत. पहिला आकडा केंद्राचा, दुसरा गाडीचा. एकतीस-दोन म्हणजे प्लम रन गावच्या केंद्राची दुसरी गाडी. हे आकडे कुणी छापून देत नाही, ऐकून ऐकून जमवावे लागतात, आणि बावीस वर्षं ते जमवले व्हर्नननं. टपाल वाटत फिरायचा तेव्हाही त्याच्या गाडीत स्कॅनर असायचा. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. 'क्रायडरची यादी' म्हणजे बारीक टायपातला पिवळा कागद, आणि प्रत्येक गाडीपुढे ती पहिल्यांदा कधी ऐकली त्याची तारीख आणि ऐकणाऱ्याचं नाव. नियम एकच: कानानं ऐकलं नाही ते यादीत नाही. खुद्द ड्रायव्हरनं येऊन सांगितलं तरी नाही.

बावीस वर्षांत या नियमाला एकदाही बट्टा लागला नव्हता. बाकी व्हर्ननकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे एवढंच होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून रोलंड फेस्लर आला. विधुर माणूस, वीजकाम करून निवृत्त झालेला, बहिणीच्या शेजारी राहायला आलेला. आल्या आल्या त्यानं घरामागे चाळीस फुटी खांब उभारला आणि त्यावर अँटेना चढवली. सहा महिन्यांत व्हर्ननच्या आधी त्यानं तीन नव्या गाड्या ऐकल्या. वर्षात स्वतःची यादी काढली. पांढरा जाड कागद, वर प्लास्टिक, आणि अक्षरं बोराएवढी.

एके दिवशी व्हर्नन कॉफी घ्यायला उठला तर फ्रिजवर पांढरा कागद.

"अर्लीन, हे काय आहे?"

"रोलंडची यादी," त्याची बायको म्हणाली. "मागच्या रविवारी चर्चमध्ये दिली त्यानं."

"आणि माझी?"

"खणात आहे, फेकली नाहीये. तुझी वाचायला मला चष्मा शोधावा लागतो रे, आणि चष्मा सापडेपर्यंत ॲम्ब्युलन्स दवाखान्यात पोचते."

"बावीस वर्षं बरं वाचलंस!"

"बावीस वर्षांपूर्वी मी बेचाळीसची होते. आता टाइप मोठा कर म्हणून चारदा सांगितलं. ऐकतोस का तू? जगाचं ऐकतोस, बायकोचं तेवढं नाही."

त्या दिवशी तो जेवला नाही. घरातच फितुरी! शत्रूचा झेंडा कुठे लागावा, तर आपल्याच फ्रिजवर.

आणि मग त्याच्या डोक्यात ते आलं. मी बावीस वर्षांत जमवलेली यादी यानं एका वर्षात जमवली कशी? नक्की चोरत असेल, माझ्या यादीवर हात मारत असेल. ठीक आहे, चोराला उघड्यावर पकडू. प्लम रनला गाड्या तीन होत्या. व्हर्नननं टाइपरायटर ओढला आणि चौथी लिहिली: एकतीस-चार, ९ मार्च, व्ही. क्रायडर. अशी गाडी अख्ख्या काउंटीत नव्हती. जर्सीवाल्याच्या यादीत ती उगवली की झालं, चोरी सिद्ध. बावीस वर्षांचा नियम मोडताना बोट जरा अडखळलं, पण टाइप झालंच.

दर गुरुवारी सकाळी डायनरमध्ये, म्हणजे कॉफी-नाश्त्याच्या हॉटेलात, स्कॅनरवाल्यांचं टेबल भरायचं. दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला अर्विन, पशुखाद्याचं दुकान चालवणारी डॉट, व्हर्नन, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत रोलंड. व्हर्नननं पिवळे कागद वाटले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "प्लम रननं चौथी काढली. कानावर आलीच असेल तुमच्या."

आता एक गोष्ट सांगतो. आमच्यातला माणूस एक वेळ दारू पितो म्हणून कबूल करेल, पण 'माझ्याकडून ऐकायची राहिली' असं मरेपर्यंत म्हणणार नाही.

"एकतीस-चार ना?" अर्विन ॲपल-पायचा घास तोंडात कोंबत म्हणाला. "ऐकली की. शनिवारीच."

"मी तर शुक्रवारी ऐकली," डॉट म्हणाली. "आवाज जरा घोगरा येतो तिचा."

व्हर्नन चाट पडला. त्यानं रोलंडकडे पाहिलं.

"मी नाही ऐकली," रोलंड म्हणाला.

"अरे वा!" अर्विन खिदळला. "चाळीस फुटांचा खांब कशाला मग? कपडे वाळत घालायला?"

"वरनं दिसतं लांबचं, पायाखालचं नाही," डॉट म्हणाली आणि टेबल हसलं.

रोलंडही हसला. "व्हर्नननं ऐकली म्हणजे असणारच. माझ्याकडून सुटली. लक्ष ठेवतो." आणि वहीत लिहून घेतलं. यादीत नाही, वहीत.

चोर पकडायला गेलेला माणूस चोर नसल्याचं पाहून परतला, पण व्हर्ननला त्याचं काय! त्याला गोड वाटलं. कितीतरी महिन्यांनी टेबल त्याच्या बाजूनं हसलं होतं. सांगायला हवं होतं त्याच क्षणी, 'अरे, गंमत केली' म्हणून. नाही सांगितलं. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रोलंड दर वेळी प्रामाणिकपणे सांगायचा, "अजून नाही ऐकली," आणि दर वेळी अर्विन खांबावर काहीतरी बोलायचा. व्हर्नन ॲपल-पायचा दुसरा तुकडा मागवायचा.

एप्रिलच्या मध्यावर, एका मंगळवारी दुपारी फोन वाजला.

"व्हर्नन! ऐकली!" रोलंडचा आवाज पोरासारखा झाला होता. "एकतीस-चार! दोन वाजून दहा मिनिटांनी, दवाखान्याकडे निघाली. पाच आठवडे बसलो होतो रे. तुझे कान म्हणजे कान आहेत बाबा!"

व्हर्नन फोन ठेवून तिथंच उभा राहिला. गाडी खरी होती? त्याची त्यालाच चूक कळली. पकडायचं म्हणून पटण्याजोगा आकडा घेतला होता, तीननंतर चार. मग प्लम रननं कधी ना कधी चौथी गाडी घेतली तर तिला दुसरं काय म्हणणार होते? आणि खोटं वाटेल, पण त्याला पहिल्यांदा लाज नाही वाटली. पहिल्यांदा पोटात तीच कळ आली. मी मनानं बनवलेली गाडीसुद्धा पहिल्यांदा यानंच ऐकावी?

बुधवारी संध्याकाळी रोलंड नवी यादी घरी देऊन गेला. अर्लीननं ती कौतुकानं फ्रिजवर लावली. "बघ, मला इथून वाचता येतंय. 'एकतीस-चार, पहिल्यांदा ऐकली: व्हर्नन क्रायडर, ९ मार्च.' किती मोठ्या मनाचा माणूस आहे! आणि तू त्याला नावं ठेवतोस."

रोलंडच्या यादीत ऐकणाऱ्याचं नाव एरवी नसायचंच; व्हर्ननचं तेवढं होतं, आणि तेही नेमकं त्या खोट्या ओळीपुढे.

गुरुवारी टेबल भरलं आणि तेवढ्यात प्लम रनचा ड्रायव्हर कर्टिस कॉफी न्यायला आत आला.

"काय मंडळी, नवी गाडी ऐकली की नाही आमची?"

"नवी कसली!" अर्विन म्हणाला. "मार्चपासून ऐकतोय आम्ही."

"मार्च?" कर्टिस हसला. "सोमवारी ओहायोहून आणलीय मी स्वतः चालवत. मार्चमध्ये ती तिकडच्या डीलरच्या आवारात बर्फाखाली होती. चौथी घ्यायची की नाही हेच मुळी एक एप्रिलच्या बैठकीत ठरलं."

अर्विननं काटा खाली ठेवला. डॉट पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. घोगऱ्या आवाजाची थाप तिचीच होती ना! सगळे व्हर्ननकडे बघायचं टाळत होते. रोलंडनं एकदा बघितलं, आणि त्याला कळलं. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं.

"वायरलेस सेट आधी आला असेल," रोलंड सावकाश म्हणाला. "केंद्रात कुणीतरी नवा नंबर बोलून तपासला असेल. तसं करतात कधी कधी."

"तेच ते!" अर्विनच्या जिवात जीव आला. "चाचणी! मला तेव्हाच वाटलं होतं."

"म्हणूनच घोगरा होता," डॉट म्हणाली.

सुटकेचं दार उघडं होतं, नुसती मान डोलवायची होती. व्हर्नननं रोलंडकडे पाहिलं. पाच आठवडे ज्याच्यावर टेबलाला हसवलं तोच आता झाकायला चादर धरून उभा होता. राग आला त्याचा. याचे कान आपल्यापेक्षा चांगले, खांब उंच, आणि मनही मोठं. माणसानं हेवा तरी कशाकशाचा करायचा?

"चाचणी नाही आणि काही नाही," व्हर्नन म्हणाला. "मी ऐकलीच नव्हती. मनानं लिहिली. तू माझी यादी चोरतोस हे दाखवायचं होतं मला."

कर्टिस कॉफी घेऊन हळूच सटकला. व्हर्नननं पैसे ठेवले आणि तो उठला. ॲपल-पाय अर्धा तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यानं खणातून पेन काढलं, फ्रिजपुढे उभा राहिला आणि प्लास्टिकवरूनच आपलं नाव खोडलं. तारीखही खोडली. शेजारी त्याच्या त्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

अर्लीन हात पुसत आली. "काय खरडलंस त्याच्या यादीवर? आणि असं मुंगीएवढं! मला नाही वाचता येत. चष्मा वर राहिलाय."

"असू दे."

"असू दे काय? वाचून दाखव."

दोन वर्षं या घरात तो त्या माणसाला जर्सीवालाच म्हणत आला होता. त्यानं घसा साफ केला.

"एकतीस-चार," तो म्हणाला. "पहिल्यांदा ऐकली: रोलंड फेस्लर."