भुलाबाईच्या गाण्यांची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, पण लोखंडाची नाही. अंगठ्याएवढी राखाडी डबी, एका तोंडाला पिना, दुसऱ्या तोंडाला भोकं, एवढंच माझं रूप. बाजारात मला डोंगल म्हणत. जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीला प्रिंटरची जाड वायर लावायची एक रुंद खाच असे, तिथे मला बसवत. मी जागेवर असले तरच मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडे. नसले तर पडद्यावर ओळ येई, ‘लॉक सापडले नाही.’ सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना अडवायला मला घडवलं होतं. असा चोर मी जन्मात पाहिला नाही. अडवलं ते घरच्यांनाच.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते सीताबर्डीचं दुकान आणि काचेवर दोन्ही तळहात टेकून मला न्याहाळणाऱ्या प्रेमलताबाई. कोराडीच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये त्या लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून देत. टायपिंग त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बटणांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर पेनानं अक्षरं लिहिली, आणि पट्ट्या झिजेपर्यंत बोटं तयार झाली. कोराडीत वीजकेंद्राची राख कोणालाच सोडत नाही, पण माझ्यावरून रोज फडकं फिरे. माझे ते चांगले दिवस.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे संध्याकाळी मुली गाणी म्हणतात आणि मग झाकल्या डब्यातला खाऊ ओळखतात. कॉलनीत या गाण्यांचं कोठार म्हणजे शेजारच्या मीराबाई. पत्रिकांचं काम नसलं की त्या येऊन बसत. त्या म्हणत आणि प्रेमलताबाई टाइप करत.

“हळू म्हणा न मावशी, बोटं धापा टाकून राहिली माझी.”

“हळू म्हणलं तं विसरन न मी!”

“विसरा खुशाल. कॉम्प्युटरात राहते सारं.”

दरवर्षी त्या गाणी छापून मुलींना वाटत. मग प्रिंटर मेला. नवा आणला, तर तो जुन्या मशीनला ओळखच दाखवेना. ‘छापू मग’ म्हणता म्हणता शेवटचं गाणं छापायचं राहिलं ते राहिलंच. ते मीराबाईंच्या आईचं गाणं होतं, दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं. त्यात भुलाबाई माहेरी निघते. वाटेत कन्हान नदी आडवी येते, तिला ती पैंजण देते. कोलार येते, तिला बांगड्या. नद्या येत राहतात, अंगावरचं एकेक उतरत जातं. शेवटच्या कडव्यात ती मोकळ्या हातांनी, मोकळ्या गळ्यानं आईच्या दारात उभी राहते. तेव्हा आई तिला काहीतरी म्हणते.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. खांडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तशी आमच्या घरी कॉम्प्युटरची होई. प्रेमलताबाई मशीनला झेंडूचा हार घालत आणि ‘खरं काम तं हीच करते’ म्हणत मला बाहेर काढून माझ्या पिनांना ओलं हळदीकुंकू लावत. ते पाणी आत उतरे. मला बोलता येत नव्हतं. आणि खरं सांगू? येत असतं तरी मी नको म्हटलं नसतं. पिना हिरव्या पडत गेल्या.

पुढे पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या. फडकं सणासुदीपुरतं उरलं. यंदा पावसाळ्यात मशीननंही मान टाकली. तोवर मीराबाईंना लेकाचं नावसुद्धा आठवून आठवून घ्यावं लागत होतं. भुलाबाई जवळ आली आणि मुली मागे लागल्या, “काकू, ते नद्यांचं गाणं पाहिजे आम्हाले!”

प्रेमलताबाईंची लेक वैदेही सुट्टीवर आली होती. तिनं मशीनमधली डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. गाण्यांच्या फाइली दिसल्या, पण उघडेनात. त्यांना जुनं सॉफ्टवेअर हवं, सॉफ्टवेअरला मी हवी, आणि लॅपटॉपला माझ्यासाठी खाचच नाही. सीताबर्डीहून वायर आणली, तिचं एक तोंड रुंद, एक बारीक. मी तिच्यात बसले, पण लॅपटॉपला मी दिसेना. तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अमोलला बोलावलं.

“काकू, ही वायर फक्त प्रिंटरसाठी असते. डोंगल नाही चालत हिच्यावर.”

“काहून? तोंड तं बरोबर बसलं!”

“बसलं म्हणून काय झालं? वरातीच्या घोड्याले वखर जुंपून राहिल्या तुम्ही. आन् नव्या विंडोजले तं हे डोंगल माहीतच नाही.”

मग त्यानं जरीपटका भागातल्या सेकंडहँड दुकानातून रुंद खाचेचा जुना मदरबोर्ड शोधून आणला, त्यावर आमची डिस्क चढवली, आणि बऱ्याच खटपटींनंतर पडदा उजळला. ‘लॉक सापडले नाही.’ अमोलनं मला उपसून उजेडात धरलं.

“काकू, याच्यात काय सांडलं होतं?”

“सांडन कायले? पूजा करत होती मी तिची.”

तो हसला नाही. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन त्यानं मला घासलं. “पिना खाल्ल्या गेल्या हायेत. उघडलं तं जे पाहिजे ते पहिले काढून घ्या.”

उघडलं! वैदेहीनं पडद्यासमोर मोबाइल धरला. “आई, शेवटचं गाणं उघडू न?”

“गणपतीच्या गाण्याआधी दुसरं गाणं घेते का वं कोणी? ओळीनं घे.”

“अवं आई, म्हणून नाही राहिली मी, फोटो काढून राहिली!”

“तरी. अपशकून नको करू.”

मग गणपतीपासून ओळीनं फोटो निघाले. कॉलनीत घरोघरी छापून पडलेल्या, मुलींना तोंडपाठ असलेल्या गाण्यांचे. मी सगळा जीव त्या पिनांत धरून बसले होते. नद्यांचं गाणं उघडलं, पहिलं पान निघालं. दुसऱ्या पानाला पडदा फिरला आणि माझी एक पीन आतल्या आत तुटली. सॉफ्टवेअर मिटलं.

अमोलनं डाग देऊन पीन जोडून पाहिली, पण आतली पट्टीही गंजली होती. “दुसरं डोंगल नाही का भेटत?” प्रेमलताबाईंनी विचारलं. तो म्हणाला, “कंपनीच बंद पडली काकू.”

त्या संध्याकाळी भुलाबाई बसली आणि मुली आमच्या व्हरांड्यात जमल्या. मी आत टेबलावर पडून ऐकत होते. कन्हान झाली, कोलार झाली, आईचं दार आलं, आणि गाणं थांबलं.

“मंग आई काय म्हणाली?” उन्नती नावाच्या चिमुरडीनं विचारलं.

सगळ्या मीराबाईंकडे बघू लागल्या. त्या इतका वेळ टाळ्या वाजवत होत्या. त्या प्रेमलताबाईंकडे वळल्या.

“सांग न वं प्रेमलता. काय म्हणाली माय?”

प्रेमलताबाई खाऊचा डबा धरून उभ्या होत्या. टाइप करताना बोटांनी ऐकलं होतं, कानांनी नाही. त्यांनी डबा हलवून मुलींपुढे धरला.

मित्रांनो, आमची पूजा केली नाही तरी चालेल, कोरडं ठेवा म्हणजे झालं. यंत्र धडधाकट आहे तोवर आतलं बाहेर काढा, कागदावर उतरवा, नव्या यंत्रात उघडतं का ते बघून घ्या. आणि जे फक्त एकाच माणसाला येतं, ते सगळ्यात आधी घ्या. गणपती रागावणार नाही.

मला विचारू नका. ते गाणं कितीदा तरी मी उघडून दिलं, पण आई काय म्हणाली त्यातला एक शब्दही मला येत नाही.