पारियेमच्या शेळीचा व्हिडिओ

वुर्यानीचा फोन चार्जिंगला लावायचा म्हणजे वायरीवर मिठाची बरणी ठेवावी लागे. बरणी बोटभर सरकली की फोन मेला. पडद्याचा डावा अर्धा भाग केव्हाच काळा पडलेला, आणि आवाज असा, की माणूस पत्र्याच्या पिंपात बसून बोलतोय. पण त्या फोनात तिचा नवरा होता. तुकिरान. बावन्न सेकंदांचा.

मुलगा कोरियाला कारखान्यात गेला तेव्हा त्याच्यासाठी तिने तो व्हिडिओ काढला होता. तुकिरान एरवी गावभर खिदळणारा माणूस, पण कॅमेरा समोर धरला की ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखा ताठ व्हायचा. "मी बरा आहे. तूही बरा असशील. वेळेवर जेव." एवढं बोलून उरलेला सगळा वेळ तो नुसता बघत उभा होता. चॅटवरून पाठवला तर त्याचं तोंड चौकोनी ठिगळांचं झालं. मुलाला ठिगळंच मिळाली.

त्याचं हसू त्यात नव्हतंच. पुढचा एक दात पडलेला, त्यातून शीळ घालत यायचं ते हसू. टेंपेच्या आंबवलेल्या वड्यांसाठी सोयाबीन चोळून धुताना वुर्यानी ते आठवायला बघायची. हल्ली शीळ आठवे, हसू आठवत नसे. पण जे हाताशी आहे ते तरी नीट दिसावं, नीट ऐकू यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

कारण रविवारी तुकिरानला जाऊन हजार दिवस होत होते. हजाराव्या दिवसाचं जेवण शेवटचं. मग कबरीवर पक्का दगड बसतो, आणि त्या माणसाच्या नावाने गाव पुन्हा जेवायला बसत नाही. त्या शेवटच्या पंगतीला त्याने एकदा सगळ्यांसमोर यावं, मोठ्या पडद्यावर, असं तिच्या मनात होतं.

पडदा आणि कॉम्प्युटर दोन्ही शाळेतल्या शिक्षिका बू तिउर्माकडे होतं; बू म्हणजे बाई. ही बाई बाताक, सुमात्राची. लग्न करून जावात आली त्याला बत्तीस वर्षं झाली, तरी आवाज अजून तिकडच्या डोंगरातलाच होता.

शनिवारी सकाळी तिने वुर्यानीचा फोन हातात घेतला. "वायरने जोडून होणार नाही. हा फोन ओळखच देत नाही. वर ढगात, इंटरनेटवरच्या साठ्यात, चढवू आणि इथे उतरवून घेऊ. आजवर बंद का ठेवलं होतंस हे?"

"डेटा खातो म्हणून, बू गुरू."

तिउर्माने ते चालू केलं. फोनवर एक छोटं चाक फिरायला लागलं. फिरलं, फिरलं आणि थांबलं. 'जागा शिल्लक नाही.'

"एवढं काय भरून ठेवलंयस गं?"

"मी? एक नवरा!"

तिउर्माने कॉम्प्युटरवर तेच खातं उघडलं. पडद्यावर कोंबड्या आल्या, कुणाची तरी सुंता आली, सरपंचीण बाईंची कवायत आली, पारियेमची शेळी आली. सगळा गाव एका खोलीत दाटीवाटीने बसला होता.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. गावात फोन विकणारा एकच, पाक सुगेंग, म्हणजे सुगेंगराव. नवा फोन घेतला की खातंही तोच उघडून द्यायचा, गिऱ्हाईकाला पासवर्ड विचारून कशाला त्रास द्यायचा! म्हणून त्याने एकदा एक खातं काढलं आणि एकवीस घरांच्या फोनांत तेच घालून दिलं. फोन केला तर म्हणाला, "एकच आठवणीत राहतं ना, बू. आणि गाव काय परकं आहे?"

"गाढवा!" तिउर्मा म्हणाली. मग फोन ठेवून पुन्हा एकदा म्हणाली.

आता जागा करायची तर कुणाचं तरी काढायला हवं. दोघी घरोघर निघाल्या. वुर्यानीने प्रत्येक दारात आधी पावसापाण्याचं, मग तब्येतीचं, मग पंगतीच्या आपेमसाठी, म्हणजे तांदळाच्या घावनांसाठी, तांदूळ कुठला घ्यावा याचं बोलून घेतलं आणि हळूच विषय काढला. प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं: "काढा की! आमचं काय, कचराच तो." पारियेम तर म्हणाली, "शेळीचा व्हिडिओ? अहो, शेळी ती शेळी. तुमचं काम आधी, बू वुर."

वुर्यानी परत येताना एकेका दाराकडे मागे वळून बघत होती. तिउर्मा मात्र खूश. "बघ, किती चांगली माणसं!" दुपारभर बसून तिने चौतीस व्हिडिओ उडवले. वुर्यानी तेव्हा घरी आपेमचं पीठ भिजवत होती, नाहीतर तिने तो हात धरला असता. जावातल्या माणसाचं पहिलं 'हो' म्हणजे नमस्कार असतो, हे बत्तीस वर्षांत तिउर्माला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगणारही नव्हतं. ते सांगणंही बरं दिसत नाही.

रविवारी सकाळी वुर्यानी गेली तर तिउर्मा कॉम्प्युटरशी भांडत होती. "चौतीस काढले तरी म्हणतोय भरलंय! का, तर काढलेलं सगळं केराच्या टोपलीत पडून आहे आणि टोपलीही जागा खाते. थांब, टोपलीच उपडी करते."

तिचं बोट बटणावर गेलं आणि दारात पारियेम उभी राहिली. हातात उकडलेल्या केळ्यांची ताटली.

पारियेम बसली. केळी यंदा चांगली आली म्हणाली. उन्हाबद्दल बोलली. चहा घेतला. उठली नाही. ताटलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"काही काम होतं का, पारियेम?" तिउर्माने सरळ विचारलं.

"छे छे, काम कसलं."

वुर्यानीने ते बोट पाहिलं. "बू गुरू," ती हळूच म्हणाली, "टोपलीतून शेळी बाहेर काढा."

"अगं, हिनेच तर सांगितलं काढा म्हणून!"

"सांगितलं. आता ती केळी घेऊन आलीय."

तिउर्माने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, कपाळावर हात मारला आणि शेळी परत आणली. नीट आली का ते बघायला चालू केली.

पारियेमचा गोठा. शेळी आडवी. दोन करडं वाळलेल्या पेंढ्यावर, तिसरं अडलेलं. चौकटीत कुणाचे तरी दोन हात आले, कोपरापर्यंत साबण लावलेले. करडू निसटून बाहेर आलं आणि पडल्या पडल्या बोंबलायला लागलं. आणि कॅमेऱ्याबाहेरून आवाज आला, "पारियेम, हे तर आपल्या सरपंचावर गेलंय! अजून उभं राहता येत नाही, पण भाषण चालू!"

आणि मग ते हसू. शीळ घालत, वर वर चढत, शेवटी खोकल्यात कोसळणारं. खोकल्यात कोसळायचं, हे ती पार विसरली होती.

वुर्यानीने तोंडावर ओढणीचं टोक धरलं. ती रडतेय की हसतेय ते तिचं तिलाही कळेना.

"त्यांनीच ओढून काढलं होतं ते," पारियेम ताटलीशी बोलल्यासारखी म्हणाली. "तेच आता माझ्या घरची मोठी शेळी आहे."

"आणि हा तू कचरा म्हणालीस?" तिउर्मा ओरडली.

"मग काय, नाही म्हणू? त्यांचं हजारावं जेवण, आणि मी एका शेळीसाठी अडून बसू?"

तिउर्माने उरलेले तेहतीसही टोपलीतून परत आणले. मुकाट्याने. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती. म्हणजे वुर्यानीच्या बावन्न सेकंदांना जागा झालीच नाही. "सुगेंगला कान धरून आणते, नवं खातं काढायला लावते," तिउर्मा म्हणाली. "आजच."

"राहू द्या," वुर्यानी म्हणाली.

"हे तुझं पहिलं राहू द्या की तिसरं?"

"शेवटचं. आज शेळी दाखवू."

संध्याकाळी नमाज झाली, चटया पसरल्या, दुआ झाली, आपेम आणि गोड भात वाटला. मग पडद्यावर तिसरं करडू जन्मलं. सरपंच सगळ्यांत आधी हसले, म्हणून बाकीच्यांना हसता आलं. "पुन्हा लावा!" कुणीतरी मागून म्हणालं. चार वेळा लावलं. चौथ्या वेळी तुकिरान खोकल्याला आला तशी सगळी पंगत त्याच्याबरोबर खोकायला लागली, आणि तिउर्मा सगळ्यांत जोरात.

घरी येऊन वुर्यानीने फोन चार्जिंगला लावला आणि वायरीवर बरणी ठेवली. उजेडाच्या अर्ध्या भागात लिहिलं होतं: 'एक व्हिडिओ थांबला आहे. जागा झाली की चढेल.'

"थांब हो," ती त्याला म्हणाली, आणि उद्याचं सोयाबीन भिजत घालायला गेली.